मामांच्या बोटीची झाकणं

जगात वस्तू वापरणारी माणसं असतात, वस्तू जपणारी असतात, आणि वस्तू उघडून बसणारे एकटे आमचे मामेसासरे आहेत. बायकोचे सख्खे मामा. सावद्याला केळीची बाग, वय सत्तरीच्या पुढे, आणि खिशात रुमालाच्या जागी पाना. आम्ही जळगावला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आले आणि पूजा चालू असतानाच आमचा कोरा फ्रिज भिंतीपासून ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध आणून ठेवला. मशीनच्या चारी अंगांनी माणूस फिरला पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त. "ज्याच्या पाठीवरून हात फिरवता येत नाही, ते जनावर आपलं कसं म्हनाचं?" असं वर मलाच विचारलं. फ्रिज अजून तिथंच आहे, कारण मामा कधीही टपकतात आणि आल्या आल्या आधी तेच बघतात.

अशा माणसाच्या हाती देवानं दोन इंजिनांची बोट द्यावी? पण दिली. कुठल्याशा खाडीतली जुनी बोट मामांनी ट्रकवर घालून, केळीच्या गाड्यांमधून वाट काढत तापीकाठी आणली. त्यामागं कारण होतं, आणि ते चांगलं होतं, म्हणून तर मला धड रागावताही येत नाही. मामींचं माहेर धरणाच्या फुगवट्यापलीकडे. मामांच्या शेतातून तिथलं देवळाचं शिखर दिसतं, पण रस्त्यानं जायचं तर पुलावरून भला मोठा वळसा. मामींचे गुडघे आणि कंबर गेल्यापासून जीपचे धक्के त्यांना सोसत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणं सुटलं. खानदेशात बाईची दिवाळी एक वेळ चुकली तर चालते, आखाजी चुकून कसं चालेल?

बोट बांधणाऱ्यानं दोन्ही इंजिनं डेकखाली शेजारी-शेजारी कोंबली होती. दोन्हींच्या मधे जेमतेम माणूस शिरे, पण बाहेरच्या अंगाला, बोटीच्या भिंतीकडे, पालही गेली नसती. आणि नेमकं तिथंच सगळं : तेलाचा फिल्टर, इंजिन गार ठेवायला पाणी ओढणारा पंप, गवत-गाळ अडवणारी जाळी. मामांनी बोट बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या हाताकडे. "जवाईबापू," ते म्हणाले, "तुमचा हात बारीक हाये."

जावयाला आपल्याकडे पाटावर बसवतात, पुरणपोळी वाढतात. मला डोकं खाली, पाय वर करून इंजिनाच्या बगलेत सोडण्यात आलं. तेव्हापासून माझा रविवार म्हणजे सावदा. बरं, बिघाड असावा तर तसंही नाही! नुकतीच घासलेली जाळी पुन्हा घासायची, घट्ट नट सैल करून पुन्हा घट्ट करायचा. मी वैतागून म्हणालो, की मामा, चालतंय ते चालू द्या ना. तर म्हणाले, चालतंय तोवरच बघायचं असतं.

माझाही हात पोचेना तेव्हा त्यांनी सुताराला बोलावून डेकला झाकण पाडलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. करता करता बोटीवर नुसती झाकणंच झाली. कुठंही बसा, आपण कशावर तरी बसलेलो असतो. जरा वेगळा आवाज आला, की मामा म्हणणार, "उठा." उठायचं, दुसरीकडे बसायचं, तिथूनही उठायचं. एकदा काठाशीच फेरी मारायला मामींना घेतलं, तर बिचाऱ्यांना इतक्यांदा उठवलं, की शेवटी त्या कठडा धरून उभ्याच राहिल्या. उतरल्यावर गुडघ्यांना शेक घेत बसल्या.

आणि आखाजी जवळ आली, की इंजिनं उघडलेली! येवढं एक बघून घेऊ, म्हणता म्हणता सण निघून जाई. नवं लुगडं नेसलेल्या मामी खळ्यातून पलीकडचं शिखर बघत बसत. गेल्या वर्षी माझी बायको कडाडली, "मामा, बोट चालवायची आहे, की नुसती सोलायची?" मामा पाना खिशात टाकून बागेत निघून गेले.

यंदा मात्र निघालो. शेतावरच्या गड्यांनी मामींना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून डेकवर ठेवलं, नेमकं डाव्या इंजिनाच्या झाकणावर. मी कपाळाला हात लावला. झालंही तसंच. मधोमध पाण्यात गवत लागलं आणि डाव्या इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागला. जाळी तुंबली असणार, आणि जाळी मामींच्या खुर्चीखाली. मी मुकाट्यानं बाही वर सारली आणि 'उठा' ऐकायची वाट बघू लागलो.

मामांनी काट्याकडे पाहिलं, मग मामींकडे. त्या कपाळावर आडवा हात धरून पलीकडे बघत होत्या. निंबाला बांधलेला आखाजीचा झोका आता दिसू लागला होता. मामांनी हात लांबवून डावं इंजिन बंद केलं.

"उघडायचं नाही?" मी विचारलं.

"वर ती बसेल हाये," मामा म्हणाले.

एकाच इंजिनावर बोट एका अंगाला ओढू लागली. मामा सुकाणू उलट दाबून धरत होते, आणि आम्ही तिरके तिरके, रडतखडत पलीकडच्या काठाला लागलो. मामींना खुर्चीसकटच उतरवून घेतलं. भावजय गळ्यात पडली, तर माहेराबद्दल, गुडघ्यांबद्दल एक अक्षर नाही. मामी सगळ्यांत आधी म्हणाल्या, "आज यायनं मले एकदाबी नाही उठवलं."

मामांनी ते ऐकलं असावं, कारण ते उगाच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. वर झोक्यावर पोरींची गाणी सुरू झाली होती. झाकणाकडे त्यांनी पाहिलंही नाही, मला हाकही मारली नाही. संध्याकाळी मामींना परतही न्यायचं होतं. मग मीच झाकण उघडलं, पालथा झालो, आणि कुणी न सांगता आत हात घातला.