चौकड्यांच्या शर्टाचा मालक

आमच्या सोसायटीत कुणी कुणाच्या भानगडीत नाक खुपसत नाही. ते काम सेक्रेटरीचं असतं, आणि सेक्रेटरी मी होतो.

वसईजवळच्या उमेळ्यात तेव्हा केळीच्या बागा तोडून इमारती उठत होत्या. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये मेघना आणि फिलोमिना अशा दोघी भाड्याने आल्या. बरोबर सात वर्षांची मिनू. मेघना बँकेत, फिलोमिना नर्स, ती इथलीच, वसईची. नवरा एकीचाही दिसेना. दिसायचा तो गॅलरीतल्या दोरीवर रोज वाळणारा निळ्या चौकड्यांचा पुरुषी शर्ट!

"शर्ट आहे म्हणजे माणूस आहे," मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, म्हणालो.

"असेल. तुम्हाला काय करायचंय?"

"पण पँट कधीच वाळत नाही! बनियन नाही, लेंगा नाही. हा माणूस कमरेखाली आहे की नाही?"

"पेपर वाचा गुपचूप. आणि निदान सुलटा धरा!"

(पेपरआडून मी गॅलरीत पहारा देत असे. उलटा एकदाच धरला होता.)

हळूहळू माझ्या संशयाला फाटे फुटले. फरारी असेल. दुबईहून पळून आला असेल. कपाटात लपवला असेल! शेवटी मिनूला जिन्यात गाठलं. "बाळ, बाबा कुठं असतात?"

"मला बाबा नाहीत. आई आहे आणि आय आहे."

आय म्हणजे फिलोमिना. तिच्या गावात आईला तसंच म्हणतात. मुलीला पढवून ठेवलंय, हे मी ताबडतोब ओळखलं! रविवारी सोसायटीची मीटिंग होती. त्यांचा भाडेकरार वाढवू द्यायचा की नाही ते तिथं ठरणार होतं. सेक्रेटरी नाही म्हणाला की तिघींना बिऱ्हाड हलवावं लागणार. फक्त पुरावा हवा होता.

तो शनिवारी वाऱ्याने आणून दिला. शर्ट दोरीवरून उडाला तो थेट कंपाउंडपलीकडच्या केळीच्या बागेत. कॉलर मळलेली निघाली की माणूस सापडला! मी भिंतीवरून उडी मारली. कॉलर नवी कोरी! इतक्यात बागवाल्याचा कुत्रा आला. त्यालाही माझा संशय आला होता. मी भिंतीवर परत चढेपर्यंत माझ्या पँटची मागची बाजू त्याने पुरावा म्हणून ठेवून घेतली.

तोच शर्ट कमरेला गुंडाळून मी खाली उतरलो, तर समोर तिघी उभ्या.

"सेक्रेटरीसाहेब, शर्ट आमचा," फिलोमिना म्हणाली. "पँट कुठाय तुमची?"

"आधी सांगा, हा शर्ट कुणाचा?" (तशाही अवस्थेत माझी चौकशी चालूच!)

"कुणाचाच नाही," मिनू म्हणाली. "तुमच्यासाठीच वाळत घालतो आम्ही, काका."

मेघना हसली नाही. "दोरीवर शर्ट दिसला की लोक कमी प्रश्न विचारतात. आम्ही दोघी एकमेकींबरोबर संसार करतो. मिनू आमची दोघींची. घर बदलताना तिची शाळा दोनदा सुटलीय. आता पुन्हा नको, एवढंच."

"काका, आम्हाला काढणार का तुम्ही?" मिनूने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढीशी पोर, आणि तिचं घर राहणार की जाणार हे ठरवणारा कोण, तर मागून फाटलेला मी!

"नाही गं बाळा," मी म्हणालो. मग मेघनाला विचारलं, "मीटिंगमध्ये काय सांगू?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "खरं तेच सांगा," मेघना म्हणाली. मी भिंतीला पाठ घासत घासत घर गाठलं.

मीटिंगमध्ये उभा राहून म्हणालो, "चौकशी झाली. तिथं एक कुटुंब राहतं. एक मुलगी आणि तिच्या दोघी आई. करार वाढवावा."

कुजबुज सुरू झाली. खजिनदार चौधरीकाकांनी चष्मा वर केला. "दोघी आई? ते ठीक आहे हो, पण घर म्हटलं की एक पुरुष नको का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिनू फिलोमिनाला चिकटून बसली होती.

तेवढ्यात मागून सुनंदाचा आवाज आला. "आमच्या घरात आहे की एक, काका! पंधरा वर्षं झाली, अजून त्याचा उपयोग सापडला नाही!"

हसता हसता सगळ्यांचे हात वर झाले. त्या दिवशी दोन ठराव एकमताने मंजूर झाले, एक त्यांच्याबद्दल आणि एक माझ्याबद्दल.