भंगारातला सेट आणि ह्यांचा कान

लढाईवरून हे परत आले तेव्हा त्यांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवा जात होता. पलटणीत ते वायरलेसवर होते. जवळ गोळा फुटला, एवढंच त्यांनी सांगितलं, पुढे कधी बोलले नाहीत. नगरच्या डॉक्टरांनी उजवा कान तपासला आणि हाही टिकायचा नाही, हळूहळू जाईल, असं सांगितलं. किती दिवसांनी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. परतताना एसटीत हे खिडकीची काच बोटाने वाजवायचे आणि कान लावून बसायचे. थोड्या वेळाने पुन्हा वाजवायचे.

आमची वस्ती तिसगावजवळ. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या साली रानात काही पिकलं नाही, म्हणून मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. ह्यांना मात्र मुकादमाने घेतलं नाही. सुरुंग लावायच्या आधी शिट्टी वाजते, ती ऐकू आली नाही तर जीव जाईल, असं तो म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. हे घरीच बसू लागले. मी संध्याकाळी आले की दिसायचं, सकाळी जिथे बसले होते तिथेच आहेत.

पावसाळा कोरडाच सरत आला तेव्हा पलटणीतला एक मित्र पुण्याहून भेटायला आला. ओट्यावर बसून दोघं बोलत होते, म्हणजे मित्र ओरडत होता. मी आत भाकरी करत होते, सगळं ऐकू येत होतं. तो सांगत होता की रेडिओची हौस असलेल्या माणसांनी एक उपग्रह तयार केलाय आणि तो लवकरच वर जाणार आहे.

“सरकारचा न्हाई बरं का. आपल्यासारख्यांनी घरी बसून जोडलेला. रोज सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून जाईल आन् बोलत जाईल.”

“मला ऐकता येईल?” ह्यांनी विचारलं.

“त्याच्याशी बोलायचं तर लायसन पायजे, भारी सामान पायजे. नुसतं ऐकायला एक बरा सेट आन् तार, झालं.”

मग म्हणाला, “पर लवकर कर.”

त्यानंतर ह्यांनी दुसरा विचार केला नाही. कान जायच्या आत ते एकदा ऐकायचं. पलटणीतून मिळालेल्या पैशातलं थोडं आत्याबाईंकडे होतं. त्यांनी ते काढून पोराच्या हातावर ठेवलं. कशाला, हेही विचारलं नाही. पोरगा कशासाठी तरी उठतोय, हेच त्यांना पुष्कळ होतं.

दुकानातला घरगुती रेडिओ का चालणार नाही, हे मला कळत नव्हतं. ह्यांनी विहिरीचा दाखला देऊन समजावलं. त्या साली पाणी इतकं खाली गेलं होतं की जो तो दोराला दोर जोडत होता. म्हणाले, “दुकानातल्या रेडिओचा दोर आखूड हाय. उपग्रहाचा आवाज लई खाली हाय, पोहरा तिथवर पोचतच न्हाई. पलटणीच्या सेटाचा दोर लांब.” आणि पलटणीचे जुने सेट लिलावात निघून नगरच्या भंगार बाजारात येतात, हे त्यांना माहीत होतं.

मला त्यांनी बरोबर नेलं. सेटाची पारख नाकाने आणि बोटाने ते करू शकत होते, पण कानाचा आता त्यांना भरवसा नव्हता. आदल्या दिवशी मला शिकवलं. “बाजरी पाखडताना सुपातून येतो तसा आवाज आला तर सेट चांगला. मधमाशीवानी घुमला तर न्हाई म्हनायचं.”

भंगारवाल्याचं दुकान म्हणजे पत्र्याखाली लोखंडाचा डोंगर. सगळे पुरुष. मी पदर ओढून एका बाजूला उभी राहिले. पहिला सेट बैलाच्या पेंडीच्या पोत्याएवढा होता. हे त्याच्याकडे बघतच राहिले. पण तो विजेवर चालणारा, आणि वस्तीवर वीज नव्हती. त्यावर नुसता हात फिरवून त्यांनी तो सोडला. दुसरा लहान होता, स्वस्त होता, किलोवर मिळत होता. ह्यांनी मागचा पत्रा काढून आत बोट घातलं आणि मान हलवली.

“तांबं काढून घेतलंय की ह्याचं.”

“तांब्याला भाव हाय दादा, मग काढनार न्हाई व्हय?” भंगारवाला म्हणाला. “वजनाला माल घेताय आन् आतलं मागताय?”

तिसरा सेट मध्यम होता आणि बॅटरीवर चालणारा. ह्यांनी तो हुंगला. जळका वास नव्हता. मोठं बटण हळूहळू फिरवलं, डोळे मिटून, जसं वैद्य नाडी बघतो. मग भंगारवाल्याने ट्रकची बॅटरी जोडली आणि हेडफोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी तो माझ्याकडे दिला.

भंगारवाल्याच्या गड्याने दुसऱ्याला कोपर मारलं. “बायकूला इचारून रेडू घेत्यात!”

“घरात तिचंच ऐकावं लागतं,” भंगारवाला म्हणाला. “आदीच सवय केलेली बरी.”

सगळे हसले. ह्यांना ते ऐकू आलं नाही. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझे कान तापले होते, त्यामुळे आधी काहीच कळेना. मग सूप ऐकू आलं. कुणी लांबच्या खळ्यात एकसारखं पाखडत असावं तसं. परक्या पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं, पण मान हलवली तर ह्यांना शंका राहील असं वाटलं.

“बाजरी हाय,” मी मोठ्याने म्हणाले.

पुन्हा हसू उठलं. आम्ही तोच सेट घेतला.

निंबापासून घराच्या आढ्यापर्यंत ह्यांनी तार ताणली. बॅटरी तिसगावला ट्रॅक्टरच्या गॅरेजात भरून मिळत होती. पहिल्याच दिवशी ह्यांना कुठलं तरी परदेशी स्टेशन लागलं. उजव्या कानाने त्यांनी ते स्वतः ऐकलं, आणि मी त्यांना लढाईनंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं. काही सांधे कच्चे आहेत म्हणून त्यांनी सेट उघडून ओट्यावर ठेवला. एका डाळिंबीएवढ्या तुकड्यासाठी आणि बॅटरी भरण्यासाठी ते सायकलीवरून तिसगावला गेले. मी खडीवर होते.

तो खंडेनवमीचा दिवस होता. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, कुळव, विळे, खुरपी, सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजतात. आत्याबाईंनी तेच केलं. पोराचं हत्यार हे, मग ते मळकट कसं ठेवायचं? त्यांनी चिंच आणि राख घेतली आणि उघड्या सेटाचं पोट समईसारखं घासून काढलं. आत पाकळ्यांसारखे पातळ पत्रे असतात, एकमेकांत शिरणारे पण न टेकणारे. त्यावरच स्टेशन लागतं. ते त्यांनी एकेक करून बोटाने घासले. मग पाण्याने धुतलं, ओलं हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

मी आले तेव्हा हे सेटासमोर उभे होते. पाकळ्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या. तारांवरचा लेप निघून गेला होता. कुंकवाचं पाणी खालून गळत होतं. आत्याबाई कौतुकाने बघत होत्या.

“कसं लख्ख झालं रं?”

ह्यांनी एका पाकळीवरचं कुंकू बोटाने पुसलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग म्हणाले, “लख्ख झालं, आई.”

त्याच सुमारास मित्राचं कार्ड आलं, उपग्रह वर गेला. कुठल्या दिवशी किती वाजता आपल्यावरून जाईल तेही त्याने लिहिलं होतं. हे रोज उजाडल्यापासून सुरीच्या पात्याने एकेक पाकळी सरळ करत बसायचे. एक सरळ केली की शेजारची वाकायची. उपग्रह रोज वरून जात होता आणि हे खाली मान घालून पत्रे सरळ करत होते. आत्याबाईंना वाटायचं, पोरगं कामात आहे. आणि मला दिसत होतं की मागून हाक मारली तर हे आता वळत नाहीत. पुढे पुढे शेजारून मारली तरी वळेनात.

दिवाळी होऊन गेल्यावर सेट पुन्हा बोलू लागला. मी त्या सकाळी कामावर गेले नाही. हे हेडफोन लावून बसले. वेळ झाली. बटण अगदी हळू फिरवत राहिले, तिकडून इकडे, इकडून तिकडे. जाड सूर कानाला लवकर लागतो म्हणून आवाज त्यांनी जितका जाड करता येईल तितका केला होता. कपाळावर घाम आला. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर बसवला.

सूप पाखडत होतं. आणि त्यामागे, फार लांब, कोणीतरी बारीक वाजवत होतं.

“हाय का?” ते ओरडले. “काय म्हनतंय?”

मला सांगता येईना. मी चौथीपर्यंत शिकले होते, त्या पुस्तकांत त्याला शब्द नव्हते. आत्याबाई समोर दाणे निवडत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी ह्यांच्याशी कधी धड बोलले नव्हते. मी ह्यांचा हात ओढला आणि कानात वाजत होतं तसं तळहातावर बोटाने वाजवू लागले. चार झटपट. मग दोन. पुन्हा चार, पुन्हा दोन. आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

ह्यांचा हात आधी ताठ होता, मग सैल पडला.

“हसतंय ते,” ते म्हणाले. “वायरलेसवाले टिकटिकीच्या भाषेत असंच हसत्यात.”

पुढे आवाज भरभर येऊ लागला, मला धरता येईना. मग तो बुडत बुडत गेला आणि नुसती बाजरी राहिली. मी हेडफोन काढला. हे माझ्याकडे बघत होते.

“तुला त्यातलं काय येत न्हाई,” ते म्हणाले. “म्हंजी तू उगी माझ्या समाधानापायी वाजवलं नसनार. आलं हुतं.” माझ्या हातातला हेडफोन घेऊन म्हणाले, “मला न्हाई आलं.”

आत्याबाईंनी विचारलं, “ऐकलंस का रं, बाबा?” ह्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता, पण आईच्या तोंडावरून कळला असावा.

“झकास ऐकलं, आई,” ते म्हणाले. फार मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी घरी थांबले तर मला म्हणाले, कामावर जा, हजेरी बुडेल. सेट त्यांनी पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. बॅटरी एका ट्रॅक्टरवाल्याने विकत नेली.

विहिरीवर आत्याबाई बायकांना सांगत होत्या, माझ्या पोरानं आभाळातलं ऐकलं, खंडेनवमीला मी पूजा केली तिचा गुण. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी व्हय म्हणाले आणि घागर भरून निघाले. ह्यांना जेवायला बोलवायचं तर आता समोर जाऊन उभं राहावं लागत होतं.