गिरिजेनं विसरावं म्हणून

मल्लिनाथ गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुवर्णानं, फोनवर सांगितलं आणि मी तिला म्हणालो, "बरं, फोन जरा बाबांकडं दे." पलीकडं ती रडायलाच लागली. काय करणार? तीस वर्षं कुठलीही वाईट बातमी कळली, की पुढं काय करायचं हे मी त्यालाच विचारत आलो होतो.

आम्ही दोघं सोलापुरातल्या एका शाळेत कारकून होतो, टेबलं समोरासमोर. मुलाला शाळेत घालायला आलेल्या एका बापाच्या हातात मी चक्क शाळा सोडल्याचा दाखला दिला होता. मल्लिनाथनं तो हळूच काढून घेतला, "आमचे साहेब लई पुढचा विचार करतात," म्हणाला आणि प्रवेशाचा फॉर्म पुढं केला. इतका हसरा माणूस, पण खालच्या रस्त्यानं बँडबाजा वाजवत वरात निघाली की उठून खिडकी लावायचा. भर एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा. मी समजत होतो, कान नाजूक असतील.

खरं कारण निवृत्तीनंतर कळलं. तो, त्याची बायको शांतावहिनी आणि मी म्हैसूरला निघालो होतो. वाटेत एक ठिकाण बघायचंय म्हणाला, सोडवून आणलेल्या हत्तींना सांभाळतात तिथं. गाडीच्या खिडकीबाहेर बघत तो सांगत राहिला. दुधनीला त्याच्या काकांकडं गिरिजा नावाची हत्तीण होती, वराती-मिरवणुकांना जायची. डांबरावर चालून चालून तिचे पाय गेले. काका वारल्यावर मल्लिनाथनंच सही करून तिला तिथं धाडलं, आणि त्यानंतर आठ वर्षं बघायला म्हणून गेला नव्हता.

"समोर कुणी डोकं वाकवलं की ती डोक्यावर सोंड ठेवायची," तो म्हणाला. "लोक म्हणायचे, काय गुणाची हत्तीण, आशीर्वाद देते! अरे, ते मी शिकवलं होतं. विशीत होतो. माणूस वाकला की मी तिच्या कानामागं अंकुश टोचायचो. रक्त येईस्तोवर... पुढं टोचावं लागलंच नाही. डोकं दिसलं की भिऊन सोंड वर." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "विसरली असंल का रे ती?"

"त्यात काय, विचारू की!" मी म्हणालो.

"कुणाला, हत्तिणीला?" मागच्या सीटवरून वहिनी.

तिथल्या बाईंनी कन्नडमध्ये सगळ्या सूचना दिल्या. मला कन्नड येतं ते जेवण मागण्यापुरतं, पण मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होतो. मल्लिनाथ मात्र मागं, झाडाच्या आडोशाला उभा राहिला. तेवढ्यात झाडीतून गिरिजा आली. कुंपणापलीकडं, इतकी जवळ, इतकी मोठी, आणि डोळे असे शांत, की माझा हात आपोआप चपलेकडं गेला. चपला काढल्या, हात जोडले आणि मी डोकं वाकवलं.

मागून वहिनींचा आवाज आला, "अय्यो, भावजी!" आपण काय करून बसलो हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण आता डोकं वर करावं तर हत्तीण बिथरेल, ही भीती. तसाच वाकून उभा. पावलं जवळ आली, थांबली. कोमट श्वास टकलावर लागला. ज्या क्षणासाठी माझा मित्र आठ वर्षं झुरला, त्या क्षणी मी माझ्या पायाचे अंगठे बघत होतो.

मग भस्सकन डोक्यावर धूळ पडली. वर बघितलं तर गिरिजा सोंडेनं माती उचलून निवांत आपल्या पाठीवर उडवत होती. त्यातलीच थोडी मला. दोनदा उडवली, आणि पाठ फिरवून चाऱ्याकडं निघून गेली.

"मर्तबिट्टाळ..." कन्नडमध्ये पुटपुटत मल्लिनाथ आडोशातून बाहेर आला. डोळ्यांतून पाणी, तोंडभर हसू. "विसरली बघ! पार विसरली!"

मला त्याच्यासाठीच वाईट वाटलं. म्हटलं, "अरे, पण निदान तुला तरी ओळखायला हवं होतं तिनं."

"नको रे. ओळखलं असतं तर भ्याली असती."

म्हैसूरला त्या दिवशी तो दोन ताटं जेवला. परतल्यावर तिथल्या बाईंना महिन्यातून एकदा फोन करायचा. गिरिजा काय खाते, पाय कसे आहेत, विचारायचा. आपण कोण, हे त्यानं शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात जुळे सोलापूर भागातल्या त्याच्या घरी गेलो. शांतावहिनी एकट्याच गवार मोडत बसल्या होत्या. शेजारी बसून मीही मोडू लागलो, आणि मनात घोळत होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, "वहिनी, एकदा जाऊन येतो तिकडं. मल्लू गेला, हे गिरिजेला कुणीतरी सांगायला हवं."

वहिनींनी माझ्यापुढची गवार ओढून घेतली. मी शिरा न काढताच मोडत होतो.

"काय नको. ती विसरून सुखात हाय, तुमी पुन्ना आटवण द्यायला जाऊ नका. तरास द्यायचाच असंल तर हितं येऊन मला देत जावा, मला तुमची सवय हाय."