लेन्समधला टवका
भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास आला की सानगडीतला लेन्स दुरुस्त करणारा म्हातारा आठवतो. लग्नाचे फोटो काढताना माझी लेन्स अंगणातल्या धानाच्या ढिगावर पडली. फोकस बिघडला, आतल्या भिंगावर टवका दिसू लागला. दुरुस्त झालेली लेन्स आणायला गेलो तर टवकाच नाही! "माहं भिंग बदलवलं ना तुमी?" मी चढ्या आवाजात विचारलं. त्यानं तांदळाचे दाणे ओळीत मांडले, माझ्याच लेन्सनं मधल्या दाण्यावर फोकस धरून फोटो काढला. तोच दाणा लख्ख आला. तरी माझा चेहरा बघून त्यानं एक पुडी उघडली. आत धानाच्या तुसाचा कण होता. "हाच तुमचा टवका. सारेच संशय घेतेत, म्हणून ठेवून देतो." पुडी मी खिशात घातली, माफी मात्र मागितली नाही. आजही काही दुरुस्तीला टाकताना आधी त्या वस्तूचा फोटो काढून ठेवतो.