मावशींची घट्ट विजार

उमेदीची सगळी वर्षं मावशींनी बेकरीच्या भट्टीसमोर उभ्यानं काढली. पन्नाशी उलटल्यावर त्या सकाळी धावायला लागल्या. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "भट्टीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जावं म्हणून."

हौस दांडगी होती, पण पोटऱ्या साथ देईनात. धावून तसंच कामाला उभं राहिलं की संध्याकाळी पाय फुगून टम्म. शेवटी सुनेनं कपाटातून स्वतःची जुनी विजार काढली. खेळाडू घालतात तसली, कंबरेपासून घोट्यापर्यंत पाय आवळून धरणारी.

"आई, चढवताना जीव मेटाकुटीला येईल. पण बरं वाटेल तुम्हाला."

मावशी पलंगावर आडव्या झाल्या, पाय वर केले आणि दोघींनी ओढाओढ केली. हसून हसून पुरेवाट झाली. वेग काही वाढला नाही. पण धावताना पोटऱ्या हिंदकळायच्या थांबल्या, आणि संध्याकाळी जिना चढताना कठड्याला लोंबकळावं लागेना. मावशींना तेवढं पुष्कळ होतं.

वन्सं भेटायला आल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. "वहिनी, या वयात हे काय घालून हिंडता? सगळा आकार दिसतो."

"आकार आहे, म्हणून दिसतो."

वन्संना गप्प करणं सोपं होतं. मुलगा अवघड होता. मावशींनी गावातल्या धावण्याच्या शर्यतीत नाव दिलं होतं; ती जवळ आली तसा तो चुळबुळ करायला लागला. "आई, माझ्या ऑफिसातले लोकही धावणार आहेत. वरून सैल पायजमा घाल. माझ्यासाठी."

त्या 'माझ्यासाठी'नं मावशी विरघळल्या.

शर्यतीत पुलाच्या उतारावर त्या पायजम्याचा घोळ पायात आला आणि मावशी तोंडावर आपटल्या. गुडघा सोलवटला, आतली विजारही फाटली. कडेला उभा असलेला मुलगा धावत आला.

"पुरे झालं. घरी चल."

मावशी उठल्या. भर रस्त्यात त्यांनी नाडी सोडली, पायजमा काढला आणि त्याच्या हातात कोंबला.

"आई, लोक बघतायत."

"पडले तेव्हाही बघतच होते. तुला लाज वाटत असेल तर तू जा घरी."

आणि त्या सुटल्या. गुडघा ठणकत होता, डोळे भरून आले होते, ते दुखण्यानं की रागानं हे त्यांनाही कळत नव्हतं. तरण्याताठ्या पोरी भराभर पुढे निघून गेल्या. मावशी शेवटच्या रेषेशी पोचल्या तेव्हा तिथला मांडव उतरवायला सुरुवात झाली होती. मुलगा तिथे उभा होता. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती रिकामी केली.

पुढच्या सुट्टीला मावशी सुनेला घेऊन खेळाच्या सामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं काळी विजार पुढे ठेवली. "ही घ्या, काळ्यात अंग झाकल्यासारखं वाटतं."

"काळी नको," मावशी म्हणाल्या. "लांबून दिसेल अशी दाखवा."

सुनेनं वरच्या फळीवरच्या केशरी विजारीकडे बोट दाखवलं.