पिवळ्या रिबनची गाठ

सांगायला बसलेय खरी, पण असल्या गोष्टींच्या मी कधी वाऱ्यालाही उभी राहिले नव्हते. आम्ही मूळचे नागपूरचे, बौद्ध. बाबा इथे लखनौत मानक नगरला रेल्वेत इंजिनिअर. घरात नवस नाही, दृष्ट काढणं नाही. साधा दिवा गेला तरी बाबा विचारणार, "कारण काय?"

मागच्या पुरात मी बख्शी का तालाबजवळ एका शाळेतल्या पूरग्रस्तांच्या मदत शिबिरात काम करत होते. दिवसभर भांडणं... पाणी, ताडपत्री, पंखा कुणाकडे फिरवायचा. डोकं उठायचं नुसतं. मुलं हरवू नयेत म्हणून आल्या आल्या प्रत्येकाच्या मनगटाला आम्ही पिवळी रिबन बांधायचो. माझी गाठ वेगळी — आई माझ्या वेणीला मारायची तशी, दोन वेढे आणि टोकं आत खोचलेली.

त्या सकाळी रामकली आली, एकटीच. होडीत चढताना गर्दीत तिची मुलगी गुड़िया गावातच राहून गेली होती. "दीदी, उसका भी फीता दे दो," म्हणत राहिली. मी दिला नाही. म्हटलं, "आएगी तब बाँधूँगी." खरं सांगू, तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ती फाटकापाशी जाऊन बसली.

दुपारी खिचडीच्या रांगेत एक लहानशी पोरगी समोर आली. हिरवा फ्रॉक, ओली चिंब, मनगट मोकळं. मी वैतागलेच — यार, हिला बिनरिबनची आत कुणी सोडलं? रिबन बांधली, भिंतीपाशी बसवली आणि दरडावलं, "यहीं बैठी रहना, हिलना मत. दीदी खाना लाएगी."

थाळी घेऊन वळले तर पोरगी नाही. खोल्या पालथ्या घातल्या. कुणी तिला पाहिलंच नव्हतं. रामकली फाटकातच होती, तिच्यासमोरून कुणी आलं-गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्यांनी गुड़ियाला आणलं. हिरवा फ्रॉक. मनगटाला पिवळी रिबन... आणि गाठ माझी.

"चारों तरफ़ पानी, और बिटिया छत पर दीवार से लगके बैठी थी," होडीवाले भैया म्हणाले. "ज़रा भी हिलती तो गई थी."

रामकलीनं तिला छातीशी धरलं. पोरगी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

"हम हिले नहीं," ती म्हणाली. "दीदी, खाना?"

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. मलाही ते अजून सापडलेलं नाही, आणि मनाला स्वस्थताही नाही. आता मोकळं मनगट दिसलं की आधी रिबन बांधते, नाव मागाहून विचारते. आणि हातात थाळी असल्याशिवाय कुठल्याच पोराला "बैठी रहना" म्हणत नाही.