दाढ पुण्याची, चढ ट्रलीचा

आयर्लंडमधल्या ट्रली गावातल्या मराठी घरांत एक रीत पक्की आहे. दात दुखला, तर डिसेंबरपर्यंत कळ काढायची आणि सुट्टीत भारतात जाऊन दाखवायचा. तिकडे आपले ओळखीचे डॉक्टर, वर गप्पा फुकट! म्हणून अलकनंदाबाईंचा डावा जबडा दुखायला लागला, तेव्हा त्यांनी ते दुखणं बिनधास्त पुण्याच्या डॉक्टरांवर सोपवलं आणि बॅगेतून आणलेलं लवंगेचं तेल काढलं.

बाई निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यावर मुलाकडे, निमिषकडे, राहायला आलेल्या. निमिष आणि सून पूर्वा सकाळीच कामाला पळत, त्यामुळे नात निहारिकेला शाळेत पोचवायचं-आणायचं काम आजींकडे. काम कसलं, चैन हो! आजी मराठीत विचारणार, पोरगी ठसक्यात तिथल्या, केरी भागातल्या, इंग्रजीत उत्तर देणार. उरलेल्या दिवसात घराच्या भिंतीसुद्धा आजींशी बोलत नसत.

शाळेच्या वाटेवर एक चढ होता. अर्ध्यावर गेलं की जबडा ठणकायचा, दमही लागायचा. थांबलं की जरा वेळात सगळं गायब. "गार वारं लागतंय, दुसरं काय!" बाईंनी स्वतःलाच बजावलं. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. काढला असता तर निमिष म्हणाला असता, "आई, तू आता घरी बस." त्या दुखण्याला भीत नव्हत्या, घरी बसायला भीत होत्या.

एकदा कामाला सुट्टी होती म्हणून पूर्वाही शाळेपर्यंत बरोबर निघाली. चढावर आजी एका कुंपणापाशी गुलाब बघत थांबल्या. पुढे पुन्हा थांबल्या, तिथे तर गुलाबच नव्हते. हात जबड्यावर.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गं, दाढ. डिसेंबरात पुण्याला दाखवीन."

"डिसेंबर गेला खड्ड्यात! आजच डेंटिस्टकडे चला." एरवी मऊ बोलणारी सून अशी कडाडली, की आजींना रागाऐवजी कौतुकच वाटलं.

डेंटिस्ट उंच, चेहराभर वांग असलेली बाई. तिने एकेक दात ठोकून पाहिला, एक्स-रे काढला. दात ठणठणीत.

"चावताना दुखतं?"

"छे! सकाळीच कडक चकली खाल्ली."

"मग कधी दुखतं?"

"चढ चढताना. थांबलं की जातं."

डेंटिस्टने हातमोजे काढले आणि खुर्ची जवळ ओढली. "हे दुखणं दाताचं वाटत नाही. हृदयाला रक्त कमी पडलं, तर काही जणांना छातीऐवजी जबड्यात दुखतं. आत्ताच हॉस्पिटलमध्ये जा, मी फोन करते. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर एक क्षण न थांबता अँब्युलन्स बोलवायची."

पूर्वाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंना आधी आठवली ती शाळा सुटायची वेळ. काय म्हणावं या बाईला!

ट्रलीच्या हॉस्पिटलमधून त्यांना कॉर्क शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली. तिच्यात स्टेंट बसवला आणि बाई सुखरूप घरी आल्या. निमिषने कामाची वेळ बदलून घेतली, निहारिकेला तोच सोडू लागला. आजी खिडकीतून हात हलवायच्या आणि मग उगाचच ओटा पुसत बसायच्या.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी सगळं पाहून "ग्रँड" म्हटलं, म्हणजे तिकडच्या बोलीत सगळं झकास. मुलगा काही विचारणार, तोच बाईंनी इंग्रजीत विचारलं, "मला चालता येईल ना? चढसुद्धा?"

"चालायलाच हवं. बेताबेताने, पण रोज."

बाई निमिषकडे वळल्या. "ऐकलंस? की मराठीत सांगू?"

निमिष हसायला गेला आणि त्याचे डोळेच भरून आले. "आई, मला वाटलं होतं, तू जातेस आता."

"जाऊ कुठे रे?" त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "उद्या शाळा आहे."